सणाचे कार्ड
(महोत्सवी स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



घरोघरची जुनी सणावारांची कार्डे जमवून शेजारच्या दालनात मांडली आहेत. त्यांविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे.

पोस्टकार्ड प्रथम निघाले ते १८६९ साली, ऑस्ट्रिया-हंगेरीत. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा. चित्राच्या कार्डांची तऱ्हा निराळी. आरंभी एका बाजूस केवळ पत्ताच लिहावा लागे, म्हणून ख्यालीखुशाली चित्राच्या कडेला कोंबावी लागे. १९०२ साली इंग्लंडात पत्त्याची बाजू दुभागून मजकुरास जागा दिली; मागाहून इतर देशांनीही तेच केले. जागा म्हणाल तर चार बोटे. पण स्नेहाला तेवढी पुरते.

प्रदर्शनात आमच्या तीर्थरूपांच्या ट्रंकेतली काही कार्डे आहेत. ते नोकरीसाठी बडोद्यास आले. त्यांचे शाळासोबती बेळगावीच राहिले. दर संक्रांतीस त्यांचे कार्ड येई. एकावर लिहिले आहे, "तिळगूळ कार्डात मावत नाही, पोचला असे समजावे." मध्यंतरी देवघेवीवरून दोघांत अबोला आला. त्या वर्षीच्या कार्डावर नुसती सही आहे. पण कार्ड आले आहे! पुढल्या वर्षी पुन्हा चार ओळी आहेत.

तीर्थरूप निवर्तले तेव्हा गावोगावी पत्रे गेली, बेळगावचे मात्र आमच्याकडून राहिले. त्यानंतर दोन संक्रांतींस त्यांच्याच नावाने कार्डे आली. दुसऱ्यावर एवढेच आहे : "उत्तर नाही. प्रकृती बरी आहे ना?" उद्या लिहू, परवा लिहू, असे म्हणता म्हणता वर्ष गेले. तिसऱ्या संक्रांतीस कार्ड आले नाही. कोपऱ्यात त्यांचा पत्ता दरवर्षी होता. आम्ही चित्रे जपली, पत्ता वाचला नाही. ही आमची चूक, आणि ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही.

म्हणून आपणांस एकच विनंती. चित्रे पाहून झाली म्हणजे कार्ड उलटून पाहावे. अक्षर ओळखीचे वाटले तर नाव आमच्या स्वयंसेवकांस सांगावे. आज सांगणारी वडील माणसे येथे बसली आहेत. आणि ज्याचे उत्तर आपल्याकडून राहिले असेल, त्यास या आठवड्यात चार ओळी टाकाव्यात.