वजन उतरलं, कातडी उरली

आज आपण अशा विषयावर बोलणार आहोत, जो आपण एकमेकींतही काढत नाही. खूप वजन उतरल्यावर अंगावर कातडी लोंबत राहते. ती काढायची शस्त्रक्रिया कशी असते, आणि घरी आल्यावर काय काय सांभाळावं लागतं, ते आज ऐकूया.

आमच्या गटातल्या एका ताईंनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांचं नाव आम्ही घेणार नाही. काय सांगायचं आणि काय नाही, ते त्यांनीच आम्हाला ठरवून दिलंय. "माझं निभावलं. पण दुसरीला तरी आधी कळू दे," असं त्या म्हणाल्या.

ताईंचं वजन होतं ११८ किलो. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. पुण्यात कंपनीत असलेल्या भावाने पुढाकार घेतला आणि त्यांचं जठर लहान करण्याचं ऑपरेशन झालं. दीड वर्षात वजन ७४ किलोवर आलं. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, चढण चढता यायला लागली. सगळ्या गावाने कौतुक केलं. पण ताई बैठकीत आल्या की पदर पोटावर ओढून कोपऱ्यात बसायच्या. का ते आम्हाला कळत नव्हतं.

कातडीचं असं असतं बघा. परकराचं इलॅस्टिक नवं असताना ताणलं की परत जागेवर येतं. वर्षानुवर्षं ताणलेलं राहिलं की सैल पडतं, मग कितीही धुवा-वाळवा, आखडत नाही. आपल्या कातडीतही तसेच ताणून परत येणारे धागे असतात. वजन फार वाढलं आणि बरीच वर्षं राहिलं, की ते तुटतात. मग आतली चरबी गेली तरी वरची कातडी पिशवीसारखी लोंबते. पोटावर, दंडाला, मांड्यांना, छातीला. व्यायामाने खालचे स्नायू घट्ट होतात, पण इतकी सुटलेली कातडी आत जात नाही. तेल चोळून, लेप लावून, पट्टा बांधूनही जात नाही. त्यावर पैसे घालवू नका.

ताईंच्या पोटाची घडी जांघेपर्यंत आली होती. त्या घडीत घाम साचायचा. खाज, चट्टे, वास, कधी कधी रक्त. पावसाळ्यात तर कपडे नीट वाळत नाहीत, तेव्हा फारच. परकराची नाडी नेमकी तिथेच काचायची. खुरपायला वाकलं की घडी घासायची. मेडिकलमधून विचारून आणलेलं मलम लावलं की चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा दुप्पट उठायचं. अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. त्याने खाज दबते, पण बुरशी आतून पसरते आणि कातडी पातळ होते. म्हणून डॉक्टरला दाखवल्याशिवाय ते लावू नका. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी घडी रोज धुवावी, न घासता टिपून कोरडी करावी, आणि मऊ सुती कापडाची पट्टी घडीत ठेवून ती दिवसातून दोन-तीनदा बदलावी. चट्टे परत परत येत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

ताईंनी गटाकडे २५,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं, तेव्हा बैठकीत मोठी गडबड झाली. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात होणार होती. तरी तपासण्या, औषधं, पट्टा, पुण्याच्या फेऱ्या, सोबतीला येणारीचं जेवणखाण आणि दोन-अडीच महिन्यांची बुडालेली मजुरी, हे सगळं होतंच. आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी म्हणाल्या, "आज ही पोट कापायला मागतीय, उद्या कुणी नाक सरळ करायला मागंल. गटाचा पैसा नटायला हाय व्हय?" दोघी-तिघींनी माना डोलावल्या. खरं तर प्रश्न चुकीचा नव्हता. शेळीला, बियाण्याला, पोराच्या फीला आपण कर्ज देतो. याला द्यायचं का?

ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मावशींना आणि आणखी दोघींना आतल्या खोलीत नेलं. पाच मिनिटांनी मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे नटणं न्हाई. ही जखम हाय. लिहा कर्ज." ठराव झाला. पहिला हप्ता तीन महिन्यांनी, असंही ठरलं, कारण तोवर ताई कामाला जाणार नव्हत्या.

मैत्रिणींनो, पैसे मंजूर झाले म्हणजे लगेच ऑपरेशन झालं असं नाही. पुण्याच्या प्लास्टिक सर्जरी विभागातल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, वजन किती महिने एका जागी आहे? ते निदान सहा महिने स्थिर असावं लागतं. जठराचं ऑपरेशन झालं असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबतात. वजन अजून उतरत असेल तर कातडी पुन्हा सैल पडते. पुढे मूल हवं असेल तर बाळंतपण झाल्यावरच हे करावं, कारण पोट पुन्हा ताणतं. आणि ही वजन कमी करायची शस्त्रक्रिया नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

दुसरी अडचण रक्ताची. ताईंचं हिमोग्लोबिन ९ निघालं. जठर लहान झालेल्या माणसाचं खाणं कमी असतं, लोह आणि बी-१२ कमी पडतं, प्रथिनं कमी पडतात. प्रथिनं नसतील तर जखम भरायला माल कुठून येणार? विटा नाहीत तर भिंत कशी चढेल? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी या म्हणून परत पाठवलं. मग रोज अंडी, मटकी-हुलग्याची उसळ, डाळ, दही, शेंगदाणे. घास लहान, पण दिवसातून पाच-सहा वेळा.

तिसरी अडचण मिश्रीची. ही मात्र खरी परीक्षा. तंबाखूमुळे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. शिवलेल्या कातडीला रक्त पोचलं नाही तर कड काळी पडते, टाका उघडतो, जखम महिनोन् महिने चिघळते. म्हणून ऑपरेशनच्या आधी निदान चार ते सहा आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत मिश्री, तंबाखू, तपकीर सगळं बंद. ताई वीस वर्षं मिश्री लावत होत्या. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, पोट साफ होईना, घरात सगळ्यांवर चिडचिड. सासूबाई स्वतः मिश्री लावायच्या. त्यांनी डबी शेजारच्या घरी नेऊन ठेवली आणि तिथे जाऊन लावू लागल्या. हा मोठा आधार झाला. एकीने सोडायची असेल तर घरात डबी दिसता कामा नये.

आता ऑपरेशनचं. पूर्ण भूल देतात. बेंबीखाली, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेऊन जादा कातडी आणि तिच्याखालची चरबी काढतात. पोटाचे स्नायू सुटले असतील तर ते शिवून घेतात. बेंबीला नवीन जागी बाहेर काढतात. ताईंचे दंड अजून तसेच आहेत. सगळं अंग एकदम करत नाहीत, कारण रक्त जास्त जातं आणि धोका वाढतो.

शुद्धीवर आल्यावर कमरेजवळ दोन नळ्या होत्या, त्यांना जोडलेल्या बाटल्या. आत साचणारं पाणी त्यातून बाहेर येतं. ते रोज मोजून वहीत लिहायचं. दिवसाला साधारण ३० मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. दुसऱ्याच दिवशी नर्सताईंनी धरून चालवलं. दुखत असताना का चालवतात? पडून राहिलं तर पोटरीत रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून थोडं थोडं पण चालायचंच, आणि खाटेवर पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवायची.

खरं काम सुरू होतं घरी आल्यावर. पोट ओढून शिवलेलं असतं, म्हणून पहिला आठवडा-दहा दिवस वाकूनच चालावं लागतं. एकदम ताठ व्हायला जाऊ नये. झोपताना पाठीला टेकू आणि गुडघ्याखाली उशी. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. पट्टा साधारण सहा आठवडे, डॉक्टर सांगतील तसा. आणि सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो, वर हंड्याचं वजन वेगळं. धारेला उकिडवं बसायचं नाही, चुलीपुढे वाकायचं नाही, नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही. संडासला उकिडवं बसणं तर शक्यच नव्हतं. ताईंच्या दिराने जुन्या खुर्चीला भोक पाडून सोय केली. ही तयारी आधीच करून ठेवावी.

आपल्या घरात बाई खाटेवर पडली तर काम थांबत नाही, ते तिची वाट बघत साचून राहतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, आता बरी दिसतेस की, एवढ्या भाकरी तरी टाक. इथेच टाके जातात. म्हणून आम्ही बैठकीत पाळ्या लावल्या आणि त्या वहीत लिहिल्या. पाणी कुणी भरायचं, सकाळची धार कुणी काढायची, संध्याकाळची कुणी, पुण्याच्या फेरीला सोबत कोण. मावशींनी स्वतःकडे भाकरी घेतल्या. सहा आठवडे ताईंच्या घरात हंडा त्यांच्या हाताला लागला नाही. कर्ज दिलं त्यापेक्षा हे मोठं झालं, असं आज आम्हाला वाटतं.

तरी सगळं सरळ झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात बेंबीखाली फुगवटा आला, हात लावला की पाणी हलल्यासारखं लागायचं. आत पाणी साचलं होतं. असं बऱ्याच जणींना होतं. डॉक्टरांनी सुईने काढलं, दोन फेऱ्यांत थांबलं. घरी दाबून, शेकून काढायला जाऊ नये. शेकाचं तर विशेष लक्षात ठेवा. ऑपरेशननंतर पोटाची कातडी कित्येक महिने बधिर असते. गरम पिशवी ठेवली तर भाजेल, पण कळणार नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका. ताप, जखमेतून पू किंवा वास, कड लाल किंवा काळी पडणं, पोट एका बाजूला अचानक फुगणं. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, छातीत दुखणं, यातलं काही झालं तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा.

मनाचंही सांगायला हवं. पट्टी काढल्यावर ताईंनी तो लांबलचक लाल व्रण पाहिला आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. "एक गेलं आणि दुसरं आलं," म्हणाल्या. व्रण पहिले काही महिने लाल, कडक असतो, खाजतो. फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं, पण पुसून जात नाही. संध्याकाळी सूज येते, ती उतरायलाही महिने लागतात. हे आधी माहीत असलं तर धक्का कमी बसतो.

म्हणजे प्रत्येकीने हे करावं का? नाही. कातडी लोंबते पण चट्टे नाहीत, काम अडत नाही, मनाला खुपत नाही, तर काही करायची गरज नाही. कुणी टोमणे मारतं म्हणून तर मुळीच नाही. मनाला खुपत असेल तर तो तुमचा निर्णय, पण धोका आणि खर्च समजून घेऊन. डॉक्टर निवडताना ते प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. झालेले आहेत का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारायला लाजू नका. नुसत्या दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला विमा सहसा पैसे देत नाही. पण हर्निया असेल, किंवा परत परत होणाऱ्या जखमांची डॉक्टरांनी कागदावर नोंद केली असेल, तर आधी विचारून घ्या. महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, ते काय बसतं ते सांगतील. त्यासाठी प्रत्येक वेळचा कागद जपून ठेवा.

ताईंनी चौथ्या महिन्यात पहिला हप्ता भरला. आता त्या खुरपायला जातात, आणि यंदाचा पावसाळा त्यांचा कोरडा गेला. पदर अजून ओढतात, पण ती सवय आहे, म्हणतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणी पदर ओढून कोपऱ्यात बसत असेल तर चारचौघींत विचारू नका. बैठक संपल्यावर वाटेने चालता चालता विचारा. आणि तिला दवाखान्याची गरज निघाली, तर कर्जाच्या ठरावाखाली पाण्याच्या आणि भाकरीच्या पाळ्याही लिहून घ्या. नमस्कार.