तळपायाची आग



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी 'तळपायाची आग' असे सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे वेतनवाढीवरच बोलणार ना?" त्यांची काही चूक नाही. ज्याने तीस वर्षे गेटसभांतून भाषणे केली, त्याच्या तळपायाची आग मस्तकालाच जावयाची. परंतु आज मी खऱ्याच तळपायांविषयी आणि खऱ्याच आगीविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा रोग्याची साक्ष म्हणून हे ऐकावे.

आपल्या खानदेशात वैशाखात कोणाचे पाय भाजत नाहीत? आत्ता रात्रीचे आठ वाजले तरी या सभागृहाच्या भिंती तापलेल्याच आहेत. पण ही आग सावलीत जाते, माठातले पाणी ओतले की जाते. माझी आग तीन वर्षांपूर्वी भर पौषात सुरू झाली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दोन्ही अंगठ्यांपासून तळव्यापर्यंत निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखे होई. दिवसा मुंग्या, रात्री भडका. पांघरुणाचा नुसता स्पर्श झाला तरी कातडे सोलल्यासारखे वाटे. आणि हात लावून पाहावे तर पाय थंडगार! सूज नाही, जखम नाही, रंग बदललेला नाही. घरच्यांना दाखवावयाचे तरी काय?

हे 'दाखवावयाचे काय' फार वाईट आहे, हे मला पूर्वीच कळावयास हवे होते. सुमारे बारा वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका यंत्रमाग कारखान्यातले आमचे एक सभासद माझ्याकडे आले. सगळे त्यांना आबा म्हणत. "भाऊ, पायनी आग व्हई ऱ्हायनी," एवढे म्हणून ते उभेच राहिले. मागावर बारा बारा तास उभे राहवत नाही, कांड्या भरण्याचे बैठे काम मिळावे, यासाठी मालकाला पत्र द्या, अशी त्यांची मागणी. मी पायांकडे पाहिले. धडधाकट दिसले. पाळी चालू असताना हा माणूस माठापाशी जाऊन चपलांवर पाणी ओततो, यावर कारखान्यात हशा पिकत असे, तो मीही ऐकला होता. टेबलावर तीन कामगारांच्या बडतर्फीची प्रकरणे पडली होती. मी म्हणालो, "आबा, उन्हाळा आहे. तळव्याला काशाची वाटी घासा." पत्र दिले नाही. मालकाने त्यांना कामचुकार म्हटले असते तर मी भांडलो असतो. तो शब्द माझ्या मनात आला, तेव्हा मात्र मला तो शब्द वाटलाच नाही.

पुढे स्वतःला दुखू लागल्यावर मी वाचावयास बसलो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मिचेल, मोरहाऊस आणि कीन या तीन डॉक्टरांकडे मज्जातंतूंना गोळी लागलेले सैनिक येत. १८६४ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. जखम भरून आल्यावरही काही सैनिकांना भयंकर आग होई. ते हाताला सदैव ओले फडके गुंडाळून ठेवीत, बुटांत पाणी ओतून चालत. बुटांत पाणी! मी पुस्तक मिटले आणि धुळ्याचा माठ डोळ्यांपुढे आला. आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. याच तिघांनी त्याच वर्षी, लढाई टाळण्यासाठी आजाराचे सोंग करणारे सैनिक कसे ओळखावे, यावरही लेख लिहिला. म्हणजे सोंग पकडणे हे ज्यांचे काम होते, त्यांनीच ही आग खरी आहे असे लिहून ठेवले. आम्हां पुढाऱ्यांना तेवढेही जमले नाही.

जखमेशिवाय वेदना कशी होते, ते मागाच्याच भाषेत सांगतो. धागा तुटला की माग आपोआप थांबावा अशी त्यात योजना असते. ती योजनाच बिघडली तर एकही धागा न तुटता माग थांबू लागतो. फिटर येतो, धागे तपासतो आणि म्हणतो, "सगळे ठीक आहे." धागे ठीकच असतात! वेदनेचे तंतू हे शरीरातले असेच खबर देणारे तंतू आहेत. ते स्वतः आजारी पडले की भाजल्याशिवाय भाजल्याची खबर देतात. सर्वांत लांब तंतू कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जातात, म्हणून बहुतेकांची तक्रार बोटांपासून सुरू होऊन मोजा घातल्यासारखी वर चढते. ती गुडघ्याच्या आसपास पोचली की पुष्कळदा हाताच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात.

आता तपासणीची हकीगत. पहिल्या वर्षी मला निरनिराळ्या लोकांनी 'उष्णता', 'वात', 'नस दबली' आणि 'टेन्शन' अशी चार निदाने दिली. एका रात्री मला महारोगाची शंका आली, आणि ती मी सहा महिने कोणाला सांगितली नाही. हा मूर्खपणा होता. त्या रोगात बहुधा कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा पडतो आणि तेथे स्पर्श कळत नाही, कोपराजवळची नस जाड होते. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट असते. लपवण्यात मात्र हातपाय जातात. मला तो नव्हता.

मग विजेचा झटका देऊन नसांचा वेग मोजण्याची तपासणी झाली. अहवालावर एकच शब्द: नॉर्मल. ज्या खासगी दवाखान्यात ती झाली तेथे मला सांगितले, "तुम्हाला काही झालेले नाही." मी बाहेर आलो आणि बाकावर बसून राहिलो. आपल्याला काही झालेले नाही, हे ऐकून माणसाला आनंद व्हावयास हवा ना? मला रडू आले. पुढे कळले ते असे. नसांत जाड तंतू असतात आणि बारीक तंतू असतात. जाड तंतू स्पर्श, कंप आणि पायाची स्थिती सांगतात. बारीक तंतू आग आणि टोचणी सांगतात. विजेची ती तपासणी जाड तंतूंचीच असते. बारीक तंतू जळत असले तरी ती बिनचूकपणे 'नॉर्मल' सांगते. यंत्र खोटे बोलत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण त्यात वाचतो.

त्यानंतर मी कामगारांच्या हजेरीपत्रकासारखी एक शंभरपानी वही घातली. किती वाजता आग, कोठवर, किती वेळ उभा होतो, झोप किती. तिसऱ्या डॉक्टरांनी ती वही वाचली. त्यांनी कंप पावणारा चिमटा घोट्यावर ठेवला, टाचणी टोचली, कापूस फिरवला, आणि विचारले, "औषधे कोणती चालू आहेत?" मी म्हणालो, "काही नाही." तोच मागून सौ. म्हणाल्या, "पित्ताची गोळी दहा वर्षे घेतात, ती कोण घेतं?" युनियनच्या कचेरीतला चहा पिणाऱ्याला ती गोळी जेवणासारखीच लागते, ती औषध आहे हे मी विसरलो होतो! आम्लपित्तावरच्या या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर ब-१२ हे जीवनसत्त्व अंगी कमी लागण्याचा संभव असतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचेही तसेच. त्यात मी माळकरी. हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासळीतच मिळते. रक्त तपासले, ब-१२ फारच कमी निघाले.

यात आपल्या महाराष्ट्राचा इतिहास आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जो भयंकर पंडुरोग होई, त्याचे कारण त्या शोधीत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजे पुढे ज्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हणू लागले ते. गिरणी कामगार बायकांच्या रक्तातून जगाला हे औषध मिळाले, हे आमच्या किती पुढाऱ्यांना ठाऊक आहे? पण त्यात एक खाच आहे. ब-१२ कमी असलेल्या माणसाला नुसते फॉलिक दिले तर रक्त सुधारते, तोंडावर लाली येते, आणि आतून मज्जातंतूंची नासाडी चालूच राहते. आणि ब-१२ ची कमतरता आपल्याकडे थोडीथोडकी नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासून २००६ साली जे प्रसिद्ध केले, त्यात सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले.

पायांची ही आग हिंदुस्थानात नवी नाही. १८२६ साली ग्रियर्सन नावाच्या डॉक्टराने तिच्यावर लिहिले. १९४६ साली डॉ. सी. गोपालन यांनी दक्षिणेकडच्या निकृष्ट आहार मिळणाऱ्या रोग्यांत ती तपासली आणि ब-गटातल्या पँटोथेनिक अ‍ॅसिडने गुण आल्याचे नोंदवले. हेच गोपालन पुढे देशाच्या पोषणशास्त्राचे अध्वर्यू झाले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावण्यांतले उपाशी कैदी रात्रभर तळवे चोळीत बसत, तीही हीच जात.

परंतु सगळ्यांची आग जीवनसत्त्वाने विझत नाही. सर्वांत मोठे कारण मधुमेह, मग दारू, थायरॉईड, मूत्रपिंड. आणि आमच्या धंद्यातली कारणे वेगळीच. शिसे मज्जातंतू खाते; १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात शिशाची बाधा हा धंद्यातला रोग म्हणून परिशिष्टात घातलेला होता. कपाशीवर मारावयाच्या काही औषधांची बाधा उतरल्यावर दोनतीन आठवड्यांनी पाय लुळे पडू शकतात, तेव्हा फवारणीची आठवणही कोणाला राहत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसच्या वर माणसे गेली, ती वर्तमानपत्रांत आली. ज्यांचे नुसते पाय गेले ते कोठेच येत नाहीत. कपाशी आपल्याही शिवारात आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, एकदम मुंबईचे तिकीट काढून मेंदूचे फोटो काढण्याआधी साखर, ब-१२, थायरॉईड, मूत्रपिंड यांच्या साध्या तपासण्या इथेच कराव्यात. धुळ्याला आणि आता जळगावलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यातून उलगडले नाही तर मग मज्जातंतूंचे तज्ज्ञ गाठावेत. मात्र पाय लुळे पडू लागले, लघवीचा ताबा गेला, किंवा अशक्तपणा दिवसांगणिक वर चढू लागला, तर एक दिवसही थांबू नये. आणि 'नसांची ताकद' म्हणून दुकानातून गोळ्या घेऊन वर्षानुवर्षे खाऊ नयेत. त्यांतले ब-६ फार झाले तर त्यानेच तंतू बिघडतात. नाव नसलेल्या पुड्या तर नकोतच.

मला ब-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. मुंग्या निम्म्यावर आल्या. आग कमी झाली, गेली नाही. तंतू वाढतो तो दिवसाला फार तर एक मिलिमीटर. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर पाहिले तर घाई करण्यात अर्थ नाही. रात्रीसाठी जी गोळी दिली ती उदासीनतेवरचे औषध आहे, असे पाकिटातल्या कागदावर वाचून मी चार दिवस रागावलो होतो. मला वेडा ठरवले असे वाटले. तेच औषध थोड्या प्रमाणात तंतूंची आगही शमवते, हे डॉक्टरांनी आधी सांगितले असते तर चार रात्री वाचल्या असत्या. आता घोट्यावरच्या कातडीचा तांदळाएवढा तुकडा काढून त्यातले बारीक तंतू मोजण्याची तपासणी राहिली आहे. ती मोठ्या शहरात होते. माझ्या रोगाला अजून पक्के नाव नाही, आणि चांगली तपासणी होऊनही पुष्कळांना ते मिळत नाही. नाव नसताना कामावर जाता येते, हे मी शिकलो. नाव नसताना रजेचा अर्ज कसा लिहावा, हे मात्र अजून जमलेले नाही.

सप्तशृंगीला चैत्रात अनवाणी जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत त्यांनी चपला घालाव्यात. डांबराने कातडे निघाले तरी त्यांना कळत नाही. देवीचा कोप होणार नाही, एवढे मी माळकरी माणूस खात्रीने सांगतो.

मागच्या दिवाळीनंतर मी एस. टी.ने धुळ्याला गेलो आणि आबांचे घर शोधून काढले. माग त्यांनी केव्हाच सोडला होता. त्या साली काय झाले होते, ते मी विचारले. त्यांनी दार लोटून घेतले, मग बोलले. त्यांना क्षय झाला होता. कळले तर कामावरून काढतील म्हणून औषधे चोरून घेत होते. त्यातले आयसोनियाझिड नावाचे औषध ब-६ कमी करून पायांत आग उत्पन्न करू शकते. म्हणून त्याच्या जोडीला ब-६ ची छोटी गोळी देतात. आबांना ती मिळाली नव्हती, किंवा मिळाली असून त्यांनी घेतली नव्हती. औषधे संपल्यावर वर्षभराने आग गेली. अंगठे अजून बधिर आहेत.

"मला का नाही सांगितलं, आबा?"

"भाऊ, तुम्ही कुठे विचारलं?"

मी गप्प बसलो. बराच वेळ बसल्यामुळे माझे पाय पेटले होते आणि मी नकळत एका पायाने दुसरा चोळीत होतो. आबांनी ते पाहिले. काही न बोलता उठले, घमेल्यात माठातले पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "चपला काढा."

आमच्या तक्रार-अर्जात आता 'चालू असलेली औषधे' असा एक रकाना घातला आहे. तो मी एकटाच वाचतो.