पत आणि तिचे चोर



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे एक लहानसे गाव आहे. सुमारे दीड हजार वस्तीच्या या गावाच्या ग्रामपंचायतीच्या नावावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी संगणक प्रणालीत, अवघ्या तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांची नोंद झाल्याचे २०२५ सालच्या अखेरीस उघडकीस आले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. या प्रकरणात कोणी तिजोरी फोडली नाही की कोणाच्या घरात शिरले नाही; शासनाने एका ग्रामपंचायतीला दिलेली ओळख, आणि त्या ओळखीबरोबर येणारा नोंद करण्याचा अखत्यार, यांचाच परभारे उपयोग झाला. संगणकावरील खाते ही काय चीज आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागणार नाही. खाते म्हणजे केवळ आत शिरण्याचा दरवाजा नव्हे. ज्याच्या हाती ते गेले, तो जगाच्या दृष्टीने ‘आपण’ होतो.

हे मी आज अशा तरुण श्रोत्यांना उद्देशून सांगत आहे, की ज्यांचा चरितार्थच अशा एखाद्या खात्यावर अवलंबून आहे. यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला पूर्वी पुण्याची किंवा नागपूरची वाट धरण्यावाचून गत्यंतर नसे; आज त्याला वणी, दिग्रस अथवा घाटंजी येथील आपल्या घरी बसून, अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर यांसारख्या आंतरजालावरील कामाच्या बाजारांत नाव नोंदवून, परदेशातील एखाद्या व्यापाऱ्याचे संकेतस्थळ बांधून देता येते, चित्रफितींचे संपादन करता येते, भाषांतरे करता येतात. नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, ज्यांना ‘गिग’ कामगार म्हणतात अशा पगारदार नसलेल्या कामकऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि ती २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होईल, असा अंदाज वर्तविला आहे. त्यांत घरोघर माल पोचविणारेही आले. परंतु शेतीच्या उत्पन्नाची शाश्वती नसलेल्या आपल्या जिल्ह्यात, घर न सोडता मिळणाऱ्या या कमाईचे मोल किती आहे, हे आपणांस मी वेगळे सांगावयास नको.

या बाजारांत तरुणाची खरी पुंजी कोणती? त्याच्या खात्यावर शिल्लक असलेले शे-दोनशे डॉलर ही नव्हे. काम घेणारा आणि काम देणारा यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. म्हणून पूर्वी केलेली कामे, त्यांवर ग्राहकांनी दिलेले अभिप्राय आणि वर्षानुवर्षे साठलेले गुणांकन यांवरच सारा व्यवहार चालतो. रात्री जागून, आरंभी अत्यल्प मोबदल्यात कामे करून ही पत मिळविलेली असते, आणि चोराचा डोळा नेमका तिच्यावर असतो. खाते हाती येताच तो पैसे काढण्यासाठी नोंदविलेला बँकेचा तपशील बदलतो, हे तर झालेच. पण त्याहून अधिक भयंकर असे, की तो त्या प्रतिष्ठित नावाने जुन्या ग्राहकांना निरोप धाडून त्यांचीही फसवणूक करतो. गेलेले पैसे पुढच्या महिन्यात पुन्हा मिळविता येतील, परंतु आपल्या नावाने कोणी लुबाडले गेल्यावर ते नाव पुन्हा उभे करणे किती कठीण, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हे हल्ले होतात कसे, ते आता पाहू. असे समजा, की पुसदच्या एका मुलीने नुकतेच अशा बाजारात नाव नोंदविले आहे आणि पहिल्या कामाची ती उत्कंठेने वाट पाहत आहे. तिला एक निरोप येतो: काम मोठे आहे, मोबदला भरघोस आहे, परंतु तपशील येथे न बोलता टेलिग्रामवर बोलू. ती तेथे जाते. थोड्या गोड संभाषणानंतर तिला सांगण्यात येते, की तुमची रक्कम पाठविली आहे, मात्र ती खात्यात जमा होण्यासाठी सोबतच्या दुव्यावर एकदा पडताळणी करा. दुवा उघडताच समोर येणारे पान हुबेहूब मूळ संकेतस्थळासारखे असते. रंग तेच, बोधचिन्ह तेच. ती आपला पासवर्ड तेथे टंकते, मोबाइलवर आलेला ओटीपीही टंकते; आणि त्या बनावट पानामागे बसलेले यंत्र त्याच क्षणी त्या दोन्ही अक्षरमालिका खऱ्या संकेतस्थळावर वापरून तिच्या खात्यात प्रवेश करते. ओटीपी घेतल्याने आपण सुरक्षित झालो, ही समजूत येथे निरुपयोगी ठरते, कारण तो ओटीपी तिने स्वतःच चोराच्या हाती दिलेला असतो. या मुलीला मी मूर्ख म्हणणार नाही, आणि कोणी म्हणू नये. नव्या कामाची ओढ, ग्राहकाशी सौजन्याने वागण्याची सवय आणि उत्तर तत्परतेने देण्याची शिस्त हे तिचे गुणच आहेत. चोर त्या गुणांचाच फायदा घेतो.

दुसरा प्रकार याहून गूढ आहे. ग्राहक म्हणविणारा इसम कामाचा तपशील म्हणून एक दाबबंद, म्हणजे झिप केलेली फाइल पाठवितो, आणि तिला पासवर्डही लावून देतो. हा पासवर्ड गोपनीयतेसाठी नसून, विषाणुशोधक प्रणालीला आतील मजकूर तपासता येऊ नये यासाठी असतो. आत कागदपत्रासारखे चिन्ह धारण केलेला एक प्रोग्राम असतो. तो उघडला, की ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड आणि ‘हा मनुष्य आधीच प्रवेश करून बसलेला आहे’ असे संकेतस्थळाला सांगणाऱ्या खुणा, ज्यांना कुकीज म्हणतात, त्या सर्व काही क्षणांत परक्याकडे रवाना होतात. मग त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांवर याच हत्याराचा निराळा प्रयोग होतो: मुलाखतीची चाचणी म्हणून गिटहबसारख्या ठिकाणी ठेवलेला कोड आपल्या संगणकावर चालवून पाहण्यास सांगतात, आणि त्या कोडच्या पोटात चोरटा प्रोग्राम दडविलेला असतो. उत्तर कोरियाशी संबंधित टोळ्या हा उद्योग करीत असल्याचे सुरक्षा-संशोधकांनी २०२३ पासून वारंवार उघड केले आहे. अनोळखी कोड पाहावयाचाच असेल, तर ज्यावर आपली कोणतीही खाती उघडलेली नाहीत अशा वेगळ्या यंत्रावर, निदान आभासी यंत्रावर तो पाहावा.

बाजाराबाहेर बोलावणारा ग्राहक हा बहुतेक कपटांचा आरंभ असतो, आणि यामागील कारण आपल्या कापूस उत्पादकांना चटकन उमगेल. बाजार समितीच्या आवारात माल नेला, तर काट्याची पावती मिळते, हिशेबपट्टी मिळते आणि तंटा झाल्यास दाद मागण्यास एक जागा असते. गावात येऊन खेडा खरेदी करणाऱ्या अनोळखी व्यापाऱ्याच्या गाडीत कापूस भरला, तर चार पैसे अधिक मिळण्याचे आश्वासन असते, पण गाडी निघून गेल्यावर हातात काहीच उरत नाही. कामाच्या या बाजारांतही ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेऊन ती मध्यस्थ म्हणून अडकवून ठेवण्याची व्यवस्था असते. हे संरक्षण बाजाराच्या संभाषणकक्षात राहणाऱ्यासच मिळते. शिवाय बाहेर परस्पर पैसे घेणे हा नियमभंग असल्याने, फसवणूक झाल्यावर तक्रार करणाऱ्याचेच खाते बंद होण्याचा धोका असतो, आणि ठकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून वाटाघाटी असोत, फाइल असो वा मोबदला असो, आवार सोडू नये. आणि काम मिळण्यासाठी अनामत, नोंदणीशुल्क किंवा प्रशिक्षणाचा खर्च मागणाऱ्यास एक छदामही देऊ नये.

येथे एका गोष्टीवर मला थोडे थांबावेसे वाटते, कारण तिचे बळी बहुधा घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या स्त्रिया आणि विद्यार्थी असतात. ‘घरबसल्या फॉर्म भरण्याचे काम’ अशी जाहिरात येते. आधार कार्डाची प्रत आणि सही घेऊन एक करारनामा करवून घेतला जातो. आठवडाभर डोळे फोडून काम केल्यावर, तुमच्या कामात चुका आहेत, सबब कराराप्रमाणे तुम्हीच कंपनीस नुकसानभरपाई देणे लागता, असे कळविण्यात येते. आणि त्यापाठोपाठ कोणा तथाकथित वकिलाची नोटीस, न्यायालयाचा आणि अटकेचा धाक. अब्रूच्या भयाने कितीतरी कुटुंबे घरातल्या कोणालाही न सांगता ही रक्कम भरतात, आणि एकदा भरली की दुसरी मागणी येते. माझी कळकळीची विनंती आहे, की अशी नोटीस आल्यास पैसे भरू नयेत, तो कागद नष्टही करू नये. तो घेऊन थेट पोलिसांकडे जावे, कारण तोच फिर्यादीचा पुरावा आहे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी अशा वेळी मुलीला किंवा सुनेला बोल न लावता तिच्यासोबत जावे.

खाते भाड्याने मागणारेही पुष्कळ भेटतात. तुमचे खाते आम्हांस वापरू द्या, दरमहा घरबसल्या अमुक रक्कम घ्या, असा हा प्रस्ताव असतो. सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर आपण कोणा वाटसरूच्या हाती दिला नसता, मग हे का द्यावे? परक्यांच्या अशा तोतयेगिरीस हातभार लावण्याचा शेवट कोठे होतो ते पाहा: अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका स्त्रीने आपल्या घरी संगणक ठेवून उत्तर कोरियातील कामगारांना अमेरिकन नागरिकांच्या चोरलेल्या ओळखींवर तीनशेहून अधिक कंपन्यांत कामे मिळवून देण्यास साहाय्य केले, म्हणून जुलै २०२५ मध्ये तिला साडेआठ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. आपल्या बँक खात्यात परक्याची रक्कम घेऊन पुढे धाडणाऱ्यासही चौकशीस तोंड द्यावे लागते आणि त्याचे खाते गोठविले जाते.

बंदोबस्ताचा आरंभ ईमेलपासून करावा. बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड बदलण्याचे दुवे ईमेलवर येतात. सबब ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती सर्व काही. तिचा पासवर्ड अन्यत्र कोठेही वापरलेला नसावा. दुहेरी पडताळणी सुरू करावी, आणि संकेतस्थळ ‘पासकी’ची, म्हणजे पासवर्डाऐवजी आपल्या उपकरणात साठविलेल्या किल्लीने प्रवेश करण्याची, सोय देत असेल तर ती अवश्य घ्यावी. पासकी ही त्या विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याशीच जखडलेली असल्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालतच नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. पासवर्ड जपून ठेवणारा प्रोग्रामही असाच उपयोगी पडतो: नेहमी आपोआप पासवर्ड भरणारा हा प्रोग्राम एखाद्या पानावर स्तब्ध राहिला, तर पान खोटे असण्याचा संभव मोठा. पत्ता वाचावयाचा तो असा, की आरंभीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पुढची तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडील नाव हेच सामान्यतः खऱ्या मालकाचे नाव. त्याच्याआधी ‘अपवर्क’ किंवा ‘फायव्हर’ हे शब्द कितीही वेळा आले तरी त्यांना काही अर्थ नाही. निरोपातील दुव्यावरून खात्यात कधीच जाऊ नये. पत्ता स्वतः टंकावा. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे, हे घरातील प्रत्येकास सांगून ठेवावे.

इतकी दक्षता बाळगूनही घात झालाच, तर लाज बाळगून वेळ दवडू नये. २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावल्याची माहिती केंद्र सरकारने संसदेत दिलेली आहे. त्यांत सुशिक्षित, अनुभवी माणसे थोडी नव्हती. पैसा गेला असल्यास प्रथम १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत-क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असते आणि ती वाटेतच अडविता येणे हे सर्वस्वी वेळेवर अवलंबून आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या शासकीय संकेतस्थळावरही नोंदविता येते, आणि यवतमाळच्या सायबर पोलीस ठाण्यातही. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे यांसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी आणि ६६-डी अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँकेला कळविण्यासाठी तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत महत्त्वाची ठरविली, आणि ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक सांगितले असतील तरी बँकेला कळविल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार त्याच्यावर राहत नाही.

मग स्वच्छ अशा दुसऱ्या यंत्रावरून आधी ईमेलचा, नंतर कामाच्या खात्याचा पासवर्ड बदलावा, सर्व उपकरणांवरील प्रवेश रद्द करावेत, बँकेचा तपशील कोणी बदलला आहे काय याची खातरजमा करावी, आणि त्या बाजाराच्या साहाय्य-कक्षाला तक्रारीच्या क्रमांकासह सविस्तर कळवावे. संभाषणे पुसू नयेत. त्यांची छायाचित्रे तारीख-वेळेसह काढून ठेवावीत. त्याच संध्याकाळी आपल्या जुन्या ग्राहकांना दोन ओळी लिहाव्यात, की अमुक तारखेपासून माझ्या नावाने आलेला निरोप माझा नाही, त्यातील दुवा उघडू नका आणि पैसे पाठवू नका. हे पत्र लिहिताना संकोच वाटेल. तरी ते लिहावे, कारण चोर त्याच वेळी त्याच ग्राहकांना लिहीत असतो.