गुरूने कोणापुढे बसावे?

नव्या रायपुरातील शहीद वीर नारायण सिंह क्रीडांगणावर २१ जानेवारी २०२३ रोजी भारताने न्यूझीलंडचा डाव अवघ्या १०८ धावांत संपविला. अशा वेळी सर्वांची दृष्टी खेळाडूंवर असते. खेळाडू चुकला तर प्रशिक्षक त्याला सांगतो. पण प्रशिक्षकच चुकला, तर त्याला कोणी सांगावे?

एखादा मुलगा खांदा दुखतो म्हणतो आणि प्रशिक्षकाला तो अंगचोरपणा वाटतो. तरुणपणी स्वतःची हुकलेली निवड तर त्याच्या मनात सलत नसेल? डोळ्याला सारे जग दिसते, डोळा तेवढा दिसत नाही.

म्हणून प्रशिक्षकानेही अनुभवी सहकाऱ्यापुढे नियमाने बसावे. आपण काय केले, का केले, त्या क्षणी मनात काय होते, हे मोकळेपणाने सांगावे. १९२० साली बर्लिनमध्ये निघालेल्या मनोविश्लेषण चिकित्सालयाच्या परंपरेत नवे चिकित्सक आपली प्रकरणे ज्येष्ठांपुढे अशीच मांडीत. आज उद्योगव्यवसायातील कित्येक मार्गदर्शकही हा परिपाठ पाळतात. ही तपासणी नव्हे. तपासनीस गुण देतो. हा सहकारी प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो.

आपल्या देशात उत्तम प्रशिक्षकांना १९८५ पासून द्रोणाचार्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. तो गौरव योग्यच आहे. परंतु एकलव्याकडे अंगठा मागण्यापूर्वी, "आचार्य, ही गुरुदक्षिणा नेमकी कोणासाठी?" असे विचारणारा कोणी द्रोणांपाशी असता तर?