जुन्या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी

(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले व्याख्यान)



जीर्णोद्धार म्हणजे जे जीर्ण झाले, त्याला वर काढणे, सावरणे. परंतु पुष्कळ गावी या उत्साहात असे घडते की, नवे काम झकास उभे राहते आणि जुने दार जळणात जाते, चेपलेली समई मोडीच्या भावाने विकली जाते, कोरीव दगडावर ऑइलपेंटचा हात फिरतो. हे कोणी वाईट हेतूने करीत नाही. त्या वस्तूत पाहण्यासारखे काही आहे, हे कोणी सांगितलेले नसते, इतकेच. आज त्याविषयीच चार शब्द.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर नावाचे गृहस्थ होऊन गेले. जन्म १८९६ चा, निधन १९९० साली. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. घरचा धंदा चष्म्याच्या दुकानाचा. लोकांना चष्मे देता देता या माणसाला स्वतःलाच एक वेगळी नजर लाभली. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला प्रारंभ केला. सोन्यारुप्याच्या नव्हेत, घराघरांत पडून असलेल्या दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वज्री, फण्या, शेवयांचे साचे, कोरीव दारे अशा वस्तू. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाईंची त्यांना मोलाची साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. एका माणसाच्या ध्यासातून हजारो वस्तू तेथे आल्या. त्यांतील बहुतेक कधी काळी कोणाच्या तरी माजघरात वा माळ्यावर पडलेल्या होत्या, हे ध्यानात घ्यावे.

अडकित्त्यात पाहायचे ते काय? सुपारी दाताने फुटत नाही, पण अडकित्त्यात सहज कातरली जाते. सुपारी बिजागरीजवळ आणि हात दूर, म्हणून थोड्या जोराचा मोठा दाब होतो. शाळेत तरफेचा जो धडा शिकवतात, तो हाच. ज्या कारागिराने शाळेचे तोंडही पाहिले नसेल, त्याने तो धडा पितळेत आणि लोखंडात उतरवला. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने त्या अडकित्त्याला कधी मोराचा, कधी घोड्याचा आकार दिला. मोर काढल्याने सुपारी अधिक बारीक होत नाही. तरीही तो काढला, कारण रोज हातात येणारी वस्तू डोळ्यांनाही गोड वाटावी, असे त्याला वाटले. उपयोग आणि सौंदर्य यांची ताटातूट त्याने होऊ दिली नाही.

समईचेही तसेच. बूड रुंद, म्हणजे ती कलंडत नाही. तेल वातीच्या धाग्यांतून आपोआप वर चढते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ, म्हणून ते तांब्याहून कठीण. रोज सांजवात लावणाऱ्या हातांनी मुलांना एवढे सांगितले, तरी घरातच विज्ञानाचा वर्ग भरेल.

आता देवळाकडे वळू. काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. चुन्यावाचून, दगडात दगड अडकवून उभारलेले बांधकाम, असा त्याचा अर्थ घेतला जातो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. पण अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा! म्हणजे ही विद्या त्याच्या आधीपासून इथल्या पाथरवटांच्या हातात होती. नाव मात्र त्याचे चिकटले. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा. मधोमध छत नाही, तर गोलाकार मोकळे आभाळ. तेथे उभ्या राहिलेल्या मुलाने 'हे असे का?' म्हणून विचारले, तर त्याला गप्प करू नये. शिक्षण तेथूनच सुरू होते. दगडावरचे एक अक्षर वाचता आले, की इतिहास पाठ करावा लागत नाही.

म्हणूनच जीर्णोद्धार करताना काही पथ्ये पाळावीत. कोरीव दगडाला ऑइलपेंट लावू नये. रंगाच्या थराने दगडातली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि पुढे पापुद्रे सुटून नक्षीच झडते. अक्षरे कोरलेला दगड पायरीला वा फरशीखाली घालू नये. वीरगळ उघड्यावर पडला असेल, तर तो ओट्यावर उभा करावा. गावासाठी झुंजताना पडलेल्या कोणाची तरी ती आठवण असते. जुन्या मूर्ती व शिल्पे कोणी चांगला भाव देतो म्हणून देऊ नयेत. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगी माणसाने देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु कायद्याचा पहारा गावाच्या वेशीपर्यंत रोज पोचत नाही. तो पहारा गावानेच द्यायचा.

यासाठी फार पैसा लागत नाही. एक जाड वही घ्यावी. देवळातली प्रत्येक जुनी वस्तू तिच्यात लिहावी: काय आहे, कशाची आहे, कोणी दिली, किती उंच. शेजारी फोटो चिकटवावा. वस्तूंचे चित्र काढण्याचे काम शाळेतल्या मुलांकडे सोपवावे. हाताने रेषा ओढताना डोळा जेवढे पाहतो, तेवढे नुसते बघताना पाहत नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारून प्रत्येक वस्तूची हकीकत टिपावी. ही माणसे आणखी किती वर्षे सांगायला असणार? सभामंडपाच्या कोपऱ्यात काचेचे एक कपाट केले, तर गावाचे स्वतःचे संग्रहालय झाले!

देणगीदारांनी आपापल्या परीने दान दिले आहे आणि त्यांची नावे पाटीवर लागतील. ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी पूर्वी हे दगड घडवले, दिवे ओतले, दारे कोरली, त्यांची नावे कोठेच नाहीत. त्यांच्या हातचे काम जपणे, हीच त्यांच्या नावाची पाटी. ती वही याच वर्षी सुरू व्हावी, एवढीच समितीला नम्र विनंती.