मुलांच्या हातातील गोळी आणि आपले श्रावकत्व
(सुवर्णमहोत्सवानिमित्त माता-बालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)

 

सुवर्णमहोत्सव म्हटला की आपण पन्नास वर्षांत काय उभारले याचा हिशेब मांडतो. वास्तू उभी राहते, तिथे पूजा-प्रतिक्रमण चालते, पिढ्या येतात आणि जातात. परंतु धर्म खऱ्या अर्थाने पुढच्या पिढीत जातो तो घरातल्या ताटातून. पाठशाळेत मूल नवकार शिकते. काय खावे आणि काय खाऊ नये हे मात्र ते स्वयंपाकघरात शिकते. म्हणून आजचा विषय जाणूनबुजून छोटा निवडला आहे. किराणा दुकानाच्या दारात माळेने लटकणारी रंगीत, मऊ, चावताना रबरासारखी ताणली जाणारी फळांच्या स्वादाची गोळी, जिला मुले ‘गमी’ किंवा ‘जेली’ म्हणतात, तीच आजचा विषय आहे.

‘गमी’ या शब्दाचे मूळ ‘गम’, म्हणजे डिंक. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देणाऱ्या आपल्या समाजाला डिंक परका नाही. जर्मनीतील बॉन शहरात हान्स रीगेल या मिठाईकाराने १९२२ साली अस्वलाच्या आकाराची गोळी तयार केली आणि ती जगभर पसरली. पुढे या व्यवसायात डिंकाची जागा जिलेटिनने घेतली. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे यांवर प्रक्रिया करून काढलेले प्रथिन. त्याला स्वतःचा रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून जीभ त्याला ओळखू शकत नाही. मांसाहाराच्या नुसत्या कल्पनेने तोंड फिरवणारे आपले बालक अजाणतेपणी ते चघळू शकते, ही या विषयातील खरी वेदना आहे.

कायद्याने यात आपल्याला काही आधार दिला आहे. २००१ सालापासून आपल्या देशात मांसाहारी पदार्थाच्या वेष्टणावर तपकिरी खूण सक्तीची झाली आणि त्यापाठोपाठ शाकाहारी पदार्थासाठी हिरवी खूण आली. पूर्वी दोन्ही खुणा वर्तुळाच्याच होत्या. २०२० च्या नियमांनी मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण ठरवला, जेणेकरून ज्यांना रंगांतील भेद दिसत नाही त्यांनाही आकारावरून ओळख पटावी. चौकटीत हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहार, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहार, एवढे तर पाच वर्षांचे मूलही शिकू शकते. बाहेरगावाहून किंवा परदेशातून कोणी भेट म्हणून आणलेल्या पाकिटावर मात्र अशी खूण असेलच असे नाही. तिथे अधिक सावध राहावे.

तथापि इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हिरवे वर्तुळ ही शाकाहाराची खूण आहे, जैन आहाराची नव्हे. कायद्याच्या व्याख्येत मध, मधमाशीचे मेण आणि लाख हे पदार्थ मांसाहारात धरलेले नाहीत. म्हणजे हिरवी खूण असलेल्या गोळीत मध असू शकतो, आणि मध तर आपल्याकडे चार महाविगयांपैकी एक. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत आणि चकाकाव्यात म्हणून वरून दिलेल्या लेपात मेण किंवा लाख असू शकते. वेष्टणावर ही नावे पुष्कळदा आकड्यांच्या रूपाने येतात. तीन आकडे लक्षात ठेवावेत : ९०१ म्हणजे मधमाशीचे मेण, ९०४ म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारा लेप आणि १२० म्हणजे कार्माइन, हा कोचिनियल नावाच्या कीटकापासून काढलेला लाल रंग. त्याउलट ४४० हा आकडा पेक्टिनचा, म्हणजे फळांतूनच मिळणाऱ्या घटकाचा.

आपल्या पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या बावीस अभक्ष्यांत एक नाव आहे ‘अज्ञात फळ’. ज्या फळाचे नाव, गुण, दोष आपल्याला ठाऊक नाहीत ते खाऊ नये. रानावनातून चालणाऱ्या माणसाचा जीव वाचवणारा हा नियम आजच्या बाजारात अधिकच खरा ठरतो. ज्या वस्तूचे घटक आपल्याला वाचता येत नाहीत, वाचले तरी कळत नाहीत, ती वस्तू आपल्यासाठी अज्ञात फळच नव्हे काय? मूल जे खाते ते त्याला आणि त्याच्या आईला ज्ञात असावे, एवढेच माझ्या आजच्या बोलण्याचे सार आहे. आणि ज्ञात होण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ती वस्तू घरी, दिवसाउजेडी, मुलांच्या डोळ्यांदेखत करणे.

घरी करायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, जिलेटिनऐवजी काय वापरावे? अनेक भगिनी चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर वापरतात. ते प्राणिजन्य नाही हे खरे. परंतु ते समुद्रातील लाल शेवाळापासून बनते, आणि शेवाळ आपल्याकडे अनंतकायात गणले जाते. ते चालते की नाही हे आपापल्या गुरुभगवंतांना विचारूनच ठरवावे. आरारूट आणि साबुदाणा हे कंदापासून होतात, त्यामुळे कंदमूळ न खाणाऱ्या घरांनी तेही टाळावेत. पेक्टिन निर्दोष आहे. पण त्याची नेहमीची जेली घट्ट व्हायला आंबटपणा आणि निम्म्याहून अधिक साखर लागते. म्हणजे धर्म सांभाळला तरी आरोग्य बिघडते.

आरोग्याची बाजूही थोडक्यात पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, पाच टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. ज्या बालकाचा आहार सुमारे १५०० कॅलरींचा आहे, त्याच्यासाठी दहा टक्के म्हणजे जवळपास ३७ ग्रॅम, चहाचे सात-आठ चमचे. दूध, बिस्किटे, शिरा यांतून त्यातली बरीच आधीच पोटात गेलेली असते. मध किंवा गूळ घातला म्हणजे साखर नाही, असेही कोणी समजू नये. शरीराच्या हिशेबात तीही साखरच आहे.

मग उपाय काय? उपाय आपल्या परंपरेतच आहे. फळाचा गर पसरून वाळवला की त्यातले पाणी उडते, त्याचे स्वतःचे पेक्टिन आणि स्वतःची साखर त्याला बांधून ठेवतात, आणि मऊ, चिवट, चघळण्याजोगी पोळी तयार होते. कोकणातील आंबापोळी आणि फणसपोळी हेच करते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने फळांच्या वड्यांचे जे तंत्र विकसित केले, त्याचेही मूळ तत्त्व हेच. आपल्या मराठवाड्याचा केसर आंबा तर भौगोलिक मानांकन मिळवलेला. आणि वैशाख-ज्येष्ठातले आपले ऊन कोकणापेक्षा कितीतरी कोरडे. कोकणात जे करायला हवेतल्या दमटपणाशी झगडावे लागते, ते आपल्या गच्चीवर सहज होते.

कृती अशी. पिकलेल्या केसर आंब्यांचा एक किलो गर चाळणीतून गाळून घ्यावा. त्यात एका लिंबाचा रस घालावा. साखर घालू नये. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, सतत हलवत, वाफा येऊन गर थोडा दाट होईपर्यंत दहा-बारा मिनिटे शिजवावा. शिजवल्याने रंग टिकतो आणि आंबण्याची भीती कमी होते. स्टीलच्या ताटांना तुपाचा हात लावून गर अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ पसरावा. वर मलमल अशी ताणून बांधावी की ती गराला टेकणार नाही. त्यामुळे धूळ येत नाही आणि माश्या-चिलटांचा जीवही चिकटून जात नाही. मुंग्यांसाठी ताटाखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची पद्धत आहे, पण त्यात मुंग्या बुडतात. त्याऐवजी ताटाभोवती हळदीची रेघ ओढावी. हळदीला आपल्या जिल्ह्यात तोटा नाही! सूर्यास्तापूर्वी ताटे घरात घ्यावीत. दुसऱ्या दिवशी पोळी उलटावी. दोन-तीन दिवसांत बोटाला न चिकटणारी पोळी निघते. तिच्या बोटभर लांब पट्ट्या कापून गुंडाळ्या कराव्यात आणि कोरड्या काचेच्या बरणीत ठेवाव्यात.

आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा सोडणाऱ्या घरांनी पोळीचे काय करावे, आणि तिची मर्यादा किती धरावी, हे आपल्या आम्नायाप्रमाणे ठरवावे. श्वेतांबर परंपरेत मिठाईची मर्यादा हिवाळ्यात एक महिना, उन्हाळ्यात वीस दिवस आणि पावसाळ्यात पंधरा दिवस मानतात. तोच दंडक लावला तर चूक होणार नाही. थोडे करावे आणि वेळेत संपवावे. वास, चव किंवा रंग बदललेला पदार्थ चलित रस समजून त्यागावा. शास्त्राची आज्ञा आणि आरोग्याचा सल्ला इथे एकच आहे.

एक सावधगिरी सांगतो. आंब्याच्या गरात सुमारे चार-पंचमांश पाणी असते. म्हणून एक किलो गराची पोळी दोनशे ग्रॅमच्या आसपासच भरते, आणि किलोभर गरातली सगळी गोडी त्या दोनशे ग्रॅममध्ये एकवटते. घरची आहे म्हणून मुलाने अर्धी बरणी खावी असे नाही. एका वेळी एक-दोन पट्ट्या पुरे, त्याही जेवणाबरोबर किंवा शाळेतून आल्यावर, चौविहाराआधी. आणि नंतर चूळ भरून, कारण चिकट गोड पदार्थ दातांत अडकतो. चार वर्षांखालील बालकाला गोल, चिवट तुकडा देऊ नये, घशात अडकण्याचा धोका असतो. मोठ्या मुलांनीही पळताना, खेळताना नव्हे, बसून खावे.

आंब्याचा हंगाम सरला की हिवाळ्यात आवळा येतो. अर्धा किलो आवळे वाफवून, बिया काढून, वाटून घ्यावेत. त्यात पाव किलो गूळ, चमचाभर जिरेपूड, थोडे काळे मीठ आणि चिमूटभर सुंठ घालून गोळा कडा सोडेपर्यंत आटवावा, आणि वरीलप्रमाणेच पातळ पसरून वाळवावा. आवळ्याचा तुरटपणा गोडाला आवर घालतो, त्यामुळे मूल एका वेळी फार खात नाही. पेरूतही पेक्टिन भरपूर असते आणि त्याची वडी उत्तम जमते. पण पुष्कळ घरांत पेरू बहुबीज म्हणून वर्ज्य आहे. ज्यांना चालत असेल त्यांनी करावी.

ज्यांना अगदी बाजारच्यासारखी थरथरणारी वडी हवी असेल, त्यांनी मुंबईच्या कराची हलव्याची आठवण करावी. तो मक्याच्या पिठीवरच, म्हणजे कॉर्नफ्लोअरवर उभा असतो. मोसंबीचा किंवा द्राक्षाचा गाळलेला ताजा रस एक कप, कॉर्नफ्लोअर चार मोठे चमचे, साखर दोन मोठे चमचे आणि तूप एक छोटा चमचा घ्यावे. पिठी थंड रसात गुठळी न राहता कालवावी, मग आचेवर ठेवून सतत हलवावे. मिश्रण पारदर्शक होऊन कडा सोडू लागले की तूप घालून तुपाच्या थाळीत ओतावे आणि निवल्यावर तुकडे करावेत. हा पदार्थ ओलसर असल्याने त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी संपवावा. मोसंबीही आपल्याच मराठवाड्याची. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे.

मातांनो, या कामात मुलांना सामील करून घ्या. गर गाळणे, पट्ट्या मोजणे, हळदीची रेघ ओढणे ही त्यांची कामे. मुंगीसाठी रेघ ओढणाऱ्या हाताला जीवदयेचा पाठ वेगळा द्यावा लागत नाही. आणि आणखी एक विनंती. शाळेत कुणाच्या वाढदिवसाला मिळालेली गोळी मूल घरी घेऊन आले तर रागावू नका, ओढून घेऊ नका. त्याच्याबरोबर बसून वेष्टण वाचा. खूण कोणती, आकडे कोणते, हे त्यालाच शोधू द्या. भीतीने सोडलेली वस्तू मूल लपून खाते. समजून सोडलेली वस्तू ते आयुष्यभर सोडते. पच्चक्खाणाचा अर्थ याहून सोपा करून सांगता येईल असे मला वाटत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या कॅप्सूलचे आवरणही पुष्कळदा जिलेटिनचेच असते. परंतु तिथे स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. डॉक्टरांना विचारून दुसरा पर्याय मागावा.

शेवटी ट्रस्टच्या कार्यकर्त्यांना आणि आपणा सर्वांना एक विनंती. पाठशाळा सुटताना, पर्युषणात, तपस्वींच्या पारण्याला आपण मुलांना प्रभावना देतो. ती बहुधा पाकिटातली गोळी किंवा चॉकलेट असते. घाईत आणलेली, न वाचलेली. प्रभावना म्हणजे धर्माची शोभा वाढवणे. मग तिच्यातच अज्ञात वस्तू कशी चालेल? या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून पाठशाळेची प्रभावना घरची असावी. महिन्याला चार घरांनी पाळी घेतली तर कुणावरही भार पडणार नाही. आपल्या जिल्ह्यातील शिरड शहापूरला श्री मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला निघताना मुलांच्या खिशात जी पट्टी असेल, ती आपल्याच गावातल्या गच्चीवर वाळलेली असावी.

आणखी पन्नास वर्षांनी या ट्रस्टची शताब्दी होईल. आज पुढच्या रांगेत बसलेली मुले तेव्हा विश्वस्त असतील. त्यांनी कोणती वास्तू उभारावी ते तेच ठरवतील. आपण त्यांच्या हातात काय ठेवायचे, एवढे मात्र आज आपल्या हातात आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!