पोच आणि प्रतीक्षा



भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना आठवतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मला मात्र आज कोहक्यातील आमच्या वसाहतीच्या एका साध्या पंपाविषयी बोलायचे आहे.

हा पंप तासभर चालतो, अर्धा तास थांबतो आणि पुन्हा चालतो. मध्यंतरी पाण्याची वाहिनी दोनदा फुटली व दोन दिवस बायकांना हंडे घेऊन टँकरपाशी उभे राहावे लागले. शेजारच्या एका विद्यार्थ्याने वाहिनीवर दाब मोजणारे यंत्र बसविले. त्याच्या पोटातील लहानसा प्रोसेसर सेकंदास पन्नास, म्हणजे तासाला १,८०,००० नोंदी ठेवी. पंप थांबला की त्या संगणकात उतरवून यंत्र रिकामे करावयाचे. परंतु अर्ध्या तासात ते कधीच होईना, आणि वाहिनी फुटली ती नेमकी नोंद नसलेल्या फेरीत!

तारेचा वेग सेकंदास ९,६०० बिट होता. एका बाइटमागे आरंभ-समाप्तीच्या खुणांसह दहा बिट खर्च होतात. म्हणजे सेकंदास ९६० बाइट. मुलाने वेग बारापट, १,१५,२०० केला. तरीही पाऊण तासाहून अधिक वेळ लागेचना का!

मी सरकारी नोकर. कारण मला चटकन उमगले. संगणक एक नोंद मागे, यंत्र ती देई, ती पोचल्यावरच पुढली मागणी निघे. फाइलीचे एकेक पान पाठवून प्रत्येकाची पोच येईपर्यंत हात बांधून बसावे, तसेच हे. शिवाय मधली यूएसबी जोडणी अपुऱ्या गठ्ठ्याला आणखी काही येते का म्हणून १६ मिलिसेकंद थोपवून धरी. १,८०,००० वेळा १६ मिलिसेकंद म्हणजे ४८ मिनिटे, केवळ वाट पाहण्यात! रस्ता रुंद करून टपालवाल्याची खेप कशी वाचणार?

मग नोंदी ५१२ बाइटांच्या गठ्ठ्यांनी पाठविल्या. प्रत्येक आकडा चार अक्षरांत व ओळ संपल्याच्या खुणेसह न लिहिता मूळ दोन बाइटांतच ठेवला. पाचाचे दोन झाले. गठ्ठ्याअखेर एक पडताळणीचा अंक जोडला, म्हणजे चूक झाल्यास तेवढाच गठ्ठा पुन्हा मागविता येतो. एकूण ३,६०,००० बाइट, ७०४ गठ्ठे; सारे काम पाऊण मिनिटात आटोपले.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक केला, तेव्हा त्यातील ट्रान्सप्युटर नावाच्या प्रत्येक प्रोसेसरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार स्वतंत्र वाटा होत्या. गणित करणे जितके महत्त्वाचे, तितकीच आकड्यांची ने-आण, हे तेथेही ध्यानात घ्यावे लागले होते. आमचा पंप त्या मानाने अगदीच गरीब.

आता प्रत्येक फेरीची नोंद मिळते. पंप थांबताना झडप एकदम मिटली की दाब क्षणभर उसळतो, असे तीत दिसले. ती सावकाश मिटविण्याची सूचना पंपघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावली आहे.